वाणात गेलेला शंख

आमच्या घरी फ्रिज नव्हता आणि माझ्याकडे मात्र फ्रिजला लावायच्या चुंबकांचा खजिना होता. यावर पाथरीत हसून घेतलं नाही असं माणूस उरलं नव्हतं. ‘चणे हायेत, दात न्हाईत,’ असं नवरा पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा. हसा बापड्यांनो! माझी चुंबकं ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर बसायची आणि फ्रिजपेक्षा तिथंच जास्त शोभायची.

कुणी सहलीला निघालं की मी लाज सोडून सांगायची, ‘येताना मला चुंबक आणा.’ भावानं ताजमहाल आणला, मी शिकवायचे त्या शाळेतल्या एका बाईंनी गोव्याचं नारळाचं झाड. सगळी अशी दुसऱ्यांच्या पायांनी आलेली. शंख तेवढा माझा होता. लग्नाआधी कॉलेजच्या सहलीत मी कन्याकुमारीला गेले, तिथं तो घेतला, खरा, बोटाएवढा. पुढं कोठीवर लावता यावा म्हणून त्याच्या पाठीला मीच चुंबक चिकटवलं. लग्नानंतर माझी धाव म्हणजे शाळा, घर आणि फार झालं तर परभणी. समुद्र पाहिल्याची माझ्याजवळ तेवढी एकच खूण होती.

त्या संक्रांतीला वाणासाठी परभणीहून स्टीलच्या वाट्या आणायच्या होत्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं. नेमका हळदीकुंकवाच्या दिवशी बंद झाला, एसटी जागेवर उभी राहिली आणि नवरा स्टँडवरूनच हात हलवत परत आला. बायकांना आवतण तर गेलेलं. मी म्हटलं, नुसता तिळगूळ देऊ. सासूबाईंना ते पटेना. ‘वाणाबिगर बायका माघारी लावू व्हय? तू कुंकवाचं बघ, वाणाचं मी बघते.’

आणि त्यांनी बघितलं. आमच्याकडे वाण पदराखाली झाकून देतात. मी शेजारी बसून एकेकीला हळदीकुंकू लावत होते, अत्तर लावत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत, पदराआडून, माझी चुंबकं घराबाहेर चालली होती. वर मीच हसून म्हणत होते, ‘गोड बोला.’

बायका गेल्यावर ज्वारी काढायला गेले तर कोठी बोडकी.

‘आत्याबाई, माझी चुंबकं?’

‘लुटली की. ना खायची ना ल्यायची. बायका लय खूश झाल्या.’

‘शंखसुद्धा?’

‘त्याच्यावर तर समद्यांचा डोळा होता.’

माझ्या अंगाची लाही लाही झाली. विचारायला तोंड नव्हतं का? मी त्याच घरात, हाताच्या अंतरावर बसले होते! नवरा म्हणाला, ‘चुंबकंच तर होती.’ त्याचा रेडिओ वाणात लुटला असता म्हणजे त्याला कळलं असतं. परत आणते म्हणून मी उठले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘दिलेलं वाण माघारी मागत्यात व्हय?’ नसतात मागत. हे मलाही ठाऊक होतं, म्हणून तर जास्त संताप झाला.

पुढं रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकवाला जायचं आणि माझ्या मालाची दशा बघायची. नारळाचं झाड एकीनं चुलीवरच्या तव्याला लावून बघितलं, ते वितळून गेलं. दुसरी ताजमहालानं सांडलेल्या टाचण्या गोळा करत होती. मी गोड बोलत होते.

शंख सापडला तो शेजारणीच्या देवघरात. देवांच्या रांगेत बसलेला, हळदीकुंकवानं माखलेला, वर फूल.

‘लय पवित्र हाय,’ शेजारीण म्हणाली. ‘तुमच्या सासूबाई कन्याकुमारीला गेलत्या तवाचा. समिंदरात आंघूळ करून आणलाय म्हणं त्यांनी.’

सासूबाई! ज्यांनी परभणीच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, त्या! आणि आंघूळ? मी स्वतः गेले होते तर नुसती पावलं भिजवून परतले होते. वस्तू नेली ती नेली, माझं जाणंसुद्धा नेलं.

घरी पोचले ती तणतणतच. सासूबाई सुपात डाळ घेऊन निवडत बसल्या होत्या.

‘आत्याबाई, कन्याकुमारीला तुम्ही गेला होतात?’

त्यांनी मान वर केली नाही. ‘बायका इचारायल्या, कुठनं आणला. एकदा म्हणून बघितलं, मीच गेलते.’ दोन खडे बाजूला काढले. ‘लय बरं वाटलं.’

येता येता जुळवलेलं भांडण जागच्या जागी विरलं. मला त्याचाही राग आला.

‘आणि समुद्र कसा असतो म्हणून सांगितलंत?’

‘खारा हाय म्हणलं. आणखी काय असतंय त्यात?’

‘काय असतंय? लोकांना असलं अर्धवट सांगत जाऊ नका!’ मी ओरडले, त्यांच्यासमोरचं सूप बाजूला सारलं आणि रागारागानं तिथंच बसून पहिल्या लाटेपासून सांगायला लागले.