शिवेपलीकडचं गाणं

कौसल्याबाई नवऱ्याला नावानं हाक मारायची. हळूच, घरात, दार लावून नव्हे. बसथांब्यावर, पन्नास माणसांच्या देखत. "ए दशरथ, टोपली उचल ना!" आणि तो धिप्पाड, अबोल माणूस "ओ" देऊन टोपली उचलायचा. सिहोऱ्याजवळच्या त्या गावात चौऱ्याहत्तर साली नर्स म्हणून मी पहिल्यांदा एसटीतून उतरले, तेव्हा कानावर पडलेलं पहिलं वाक्य हे. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माझ्या आईनं आयुष्यभर माझ्या वडिलांना "अहो, ऐकलं का" यापलीकडे काही म्हटलेलं नव्हतं.

माझ्या हातातली ट्रंक पाहून ती थेट जवळ आली. "नवीन नर्सबाई काय? चाल, चहा पेऊ." थांब्यावरच्या हॉटेलात एकही बाई नव्हती. मी दारातच घुटमळले.

"काहून थांबली?"

"आत सगळे पुरुष आहेत."

"मंग? ते का चावतात?" असं म्हणून ती बाकड्यावर बसली, बशीत चहा ओतला आणि मासे गुंडाळायला आणलेल्या रद्दीतला एक कागद उलगडून मोठ्यानं वाचू लागली. बातमी चार महिन्यांपूर्वीची होती. वाचायला ती स्वतःच शिकली होती, पोरांच्या पाटीवरून. वाचून झालं की बातमीवर मत द्यायची आणि मग त्याच कागदात कुणाची तरी मासोळी बांधून द्यायची.

ती धिवराची. गावच्या तलावात दशरथ जाळं टाकायचा, ती मासे विकायची, आणि पावसाळ्यात इतर बायांसारखी धानाची रोपं लावायला, रोवणीला, जायची. उपासतापास तिनं कधीच सोडून दिले होते. एकादशीला माझ्या दारात मासे घेऊन उभी राहायची. मी कानकोंडी झाले की हसायची. "देव असन त असो. तो त्याच्या कामात, मी माह्या. आमची भांडणं नाईत." अशा बाईला गावानं वाळीत टाकायला हवं होतं. पण गावातल्या प्रत्येक बाईला कधी ना कधी ती हवी असायची. याचं कारण तिची गाणी.

रोवणीची गाणी सगळ्याच बाया म्हणत. राम, सीता, माहेर, भाऊ. कौसल्याबाईची गाणी मात्र बांधावर कुणी पुरुष नसेल तेव्हाच निघत. शेताचा मालक जेवायला गेला की चिखलात वाकलेल्या वीस-पंचवीस बाया एका सुरात त्याच्या छत्रीवर, त्याच्या मुनिमाच्या मिशीवर, दारुड्या नवऱ्यांवर आणि खाष्ट सासवांवर गाऊ लागत. मालक परत येताना दिसला की कडेची बाई खाकरायची, आणि तोच सूर क्षणात रामाच्या वनवासाकडे वळायचा. एकदा मी लसीचा डबा घेऊन बांधावर गेले असताना तो पालट ऐकला, आणि हसू आवरेना म्हणून पाठ फिरवून उभी राहिले. "भजन हाय बाई, भजन," कौसल्याबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

दुसऱ्या वर्षीच्या रोवणीत सखूचं प्रकरण झालं. सखू विशीतली पोर, सातवा महिना. पायावर सूज, अंगात ताप. मी तिला काम बंद करायला सांगितलं. "बसली त मालक उद्या बलावणार नाई," ती म्हणाली. म्हणून मी मालकाच्या नावानं चिठ्ठी लिहिली, सातवा महिना आहे, हिला निदान सावलीत बसू द्या, आणि सखूच्याच हाती पाठवली. मालकानं वाचली आणि बांधीतल्या चिखलपाण्यात टाकून दिली. संध्याकाळपर्यंत सखू पाण्यात वाकून होती. चौथ्या दिवशी तिला दिवस भरण्याआधीच मूल झालं. ते एक दिवस जगलं.

आठवड्याच्या आत गाणं आलं. ते लपूनछपून गायलं गेलं नाही. विहिरीवर, वाटेवर घुमलं, तुमसरच्या राइस मिलमध्ये धान पाखडणाऱ्या बायांपर्यंत पोचलं.

आठवा महिना सखूले, बांधीत पाणी गार,
छत्रीतला मालक म्हणे, हात चालव फार.

चिठ्ठीची गोष्टही सखूनं गावात सांगितली होती. मालकानं सगळ्यांना चावडीत बोलावलं. मलाही. तो शांतपणे म्हणाला, "मला कोणतीही चिठ्ठी आली नाही. ही पोरगी खोटं सांगते. विचारा नर्सबाईंना."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी सरकारी नोकरीत, एकटी, खोली मालकाच्या चुलतभावाची. आदल्या दिवशीच मुनीम येऊन "बदली दूर जंगलात होऊ शकते" असं बोलून गेला होता. मी म्हणाले, "मला आठवत नाही."

सखूनं माझ्याकडे पाहिलं.

मग कौसल्याबाई उठली. "गाणं माहं हाय. त्यातला एक शबद खोटा दाखवा, आत्ता काढतो." तिकडच्या बाया बोलताना 'काढतो', 'जातो' असंच म्हणतात.

"आठवा महिना नव्हता!" मालक तावातावानं म्हणाला. "सातवा होता!"

"बरं झालं सांगतलं," म्हणून तिनं तिथंच सूर लावला:

सातवाच महिना सखूले, आठवा नाई वो,
एक महिना कमी म्हणून बसू देलं नाई वो.

आधी मागच्या बाया हसल्या, मग पुरुष. ज्याला काही ठाऊक नव्हतं, त्यालाच महिना अचूक ठाऊक निघाला होता. मालक उठून गेला.

त्यानं सूड उगवला तो तिच्या माणसांवर. गावात त्याचाच शब्द चालायचा. त्या हंगामात तलावातली मासेमारी धिवरांना द्यायची नाही, असं ठरलं. कौसल्या गाणं बंद करील तर बघू, असा त्याचा निरोप आला. महिनाभर जाळी खुंटीवर राहिली. शेवटी धिवरपुऱ्यातले म्हातारे तिच्या अंगणात येऊन हात जोडून बसले. दशरथ भिंतीला टेकून उभा होता. तो गा म्हणाला नाही, नको गाऊ असंही म्हणाला नाही.

त्या दुपारी मी तिला पहिल्यांदा हरलेली पाहिली. "मालकासमोर बोलाले काय लागते?" ती म्हणाली. "घरचे हात जोडतात तवा गळा बंद होते." तिनं शब्द दिला: या गावात आता गाणार नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हात उडवला. "राहू दे. भेव माणसालेच लागते."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही तुमसरच्या बसमध्ये बसलो. ती खिडकीशी, टोपली मांडीवर घेऊन. गावाच्या शिवेवरचा नाला लागला, बसनं पूल ओलांडला, आणि कौसल्याबाईनं टोपलीवर ताल धरला. कंडक्टर चमकून वळला.

"ओ मावशी, हे काय चालू केलं?"

"गावात गाणार नाई म्हणलो होतो. हे गाव हाय काय?"

त्यानं एकदा ड्रायव्हरकडे पाहिलं आणि तिकिटं फाडू लागला. महिन्याभरात त्या बसमध्ये बाया मावेनात. ज्यांना बाजारातून मीठसुद्धा आणायचं नव्हतं, त्याही येत. घरी सांगत, तांदूळ दळायचाय, डोळे दाखवायचेत. नाल्यापासून तुमसरपर्यंतचा तो तास त्यांचा होता. कुणी सासूची नक्कल करी, कुणी पहिल्यांदाच विडी ओढून खोकत बसे, आणि मध्ये कौसल्याबाई, नवीन कडवी जोडत. शब्द तिनं अक्षरशः पाळला. परतीच्या वाटेवर पूल आला की ओळ अर्धी असली तरी तिथंच तोडायची.

लग्नानंतर मी जवाहरनगरला आले. नवरा तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, आम्ही क्वार्टरमध्ये. त्र्याऐंशी साली आम्ही टेपरेकॉर्डर घेतला आणि मी तिला निरोप धाडला. ती दोन दिवस राहिली. शेजारच्या तमिळ, बंगाली बायाही येऊन बसल्या. शब्द कळत नसतानाही टाळ्या वाजवत होत्या. दोन कॅसेटी भरल्या. सखूचं गाणं आलं. मला पाठ असलेली कडवी संपली, आणि ती थांबली नाही.

चिठ्ठी लिहे नर्सबाई, अक्षर तिचं गोल,
चावडीत गेल्यावर फुटला नाई बोल.

टेप फिरत होती. माझे कान तापले. गाणं संपल्यावर मी विचारलं, "हे कधी केलं?"

"तवाच. तू बसमध्ये असली त हे कडवं सोडून देत होतो." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू मले आवडते, म्हणून तोंडावर म्हणलं नाई. पण गाण्यातून काढलं बी नाई."

मी ते कडवं पुसलं नाही. तुमसरच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं त्या कॅसेटींच्या प्रती काढल्या, त्यांच्या पुन्हा प्रती निघाल्या. खरखर वाढत गेली तरी राइस मिलच्या बाया डब्याच्या सुट्टीत त्या लावत.

तीन वर्षांनी ती गेली. कावीळ अंगावर काढली होती. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात बाया बसल्या होत्या. बाहेर निंबाखाली पुरुष, आणि त्यांच्यात, काठी टेकून, म्हातारा झालेला मालकही आला होता. दशरथ कुणाशी बोलत नव्हता. सखू मला पाहून उठली. आता तिला दोन मुली होत्या.

मी तिला बाजूला नेलं. "सखू, मला आठवत होतं. चिठ्ठी मी लिहिली होती."

"मले काय सांगता बाई?" ती म्हणाली. "मीच त नेली होती." आवाजात राग नव्हता. "तवा साऱ्यायसमोर मी खोटी झाली. सांगाचं असन त साऱ्यायसमोर सांगा."

मी अंगणात परत आले. बसले नाही. निंबाखाली ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सांगितलं.