जागची न हललेली गाडी पास

मंडळी, आज बिबवेवाडीत जुनी गाडी बघायला गेलो होतो. सोळा वर्षांची, पण वरून पुसून चकचकीत.

"आमचे हे गेल्यापासून चार वर्षं जागची हललेली नाही," गाडीच्या मालकीण काकू म्हणाल्या. टायर बसलेले. ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला टेकला.

मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून पाहिला. फिटनेसचं पासिंग गेल्याच वर्षी झालेलं!

"काकू, तपासायला गाडी नेली कोणी?"

"अहो, नेली कुठे? एजंटने फोटो मागितला, तो पाठवला."

गाडी अर्थातच घेतली नाही. पण परतताना कात्रजच्या उतारावर स्कूटरच्या आरशात मागचा टँकर मोठा मोठा होत होता.

त्याचंही पासिंग झालेलंच असेल, नाही का?