टॉवेलखालचा लॅपटॉप

आमच्या घरात विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूवर टॉवेल असतो. टीव्हीवर, मिक्सरवर, शिलाई मशीनवरही. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, आणि कडेचा धागा सुटलेले टॉवेल घरी येतात. लेकीचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की मी त्यावरही एक घालायचो. शुक्रवार पेठेतली धूळ काही सोडत नाही. लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून चार्जरही काढत नसे.

लेकीने मला नीट समजावलं होतं. बॅटरी उष्णतेने खराब होते, कायम शंभर टक्के भरून ठेवली तरी झिजते. ऐंशीवर चार्जिंग थांबेल अशी सेटिंगही तिने करून ठेवली. "अप्पा, टॉवेल नका ना घालू. घामाघूम होतोय की तो!" मी हो म्हणालो. ती कॉलेजला गेली की टॉवेल परत घालायचो. सेटिंग बंद कशी करायची तेही शिकून घेतलं. शंभरचा आकडा दिसला की मला निर्धास्त वाटायचं.

एप्रिलमध्ये तिची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवरच होणार होती. मी रजा काढली. टेबलामागच्या भिंतीला चांगली चादर लावली, बायकोला मिक्सर लावू नको म्हणून बजावलं. लेक सकाळीच "मैत्रिणीकडे जाऊन येते" म्हणून गेली. मुलाखतीची वेळ झाली तरी आली नाही. फोन बंद. मी दारात उभा.

"बसा की आता," बायको म्हणाली. "ती तिकडंच देणार हाय इंटरव्ह्यू. सात रस्त्याला, मैत्रिणीच्या घरी, तिच्याच लॅपटॉपवर."

"तुला माहीत होतं?"

"व्हय. कालच बोलली."

"आणि मला भिंतीला चादर लावू दिलीस?"

"लई खुशीत लावत होता. कसं सांगू?"

माझ्याच घरात, मला वगळून ठरलं होतं. रागाने मी चार्जर उपसला. "बघ, शंभर टक्के आहे!" ती मेथी निवडत बसली होती. जुडी संपायच्या आत लॅपटॉपचा पडदा काळा झाला. तिने दुसरी जुडी सोडायला घेतली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी लेक आली. "मला विश्वासात घ्यायचं नव्हतं का?" मी विचारलं.

"घेतलं होतं की, अप्पा. टॉवेलचं सांगितलं तेव्हा."

"मग भांडायचं माझ्याशी."

"भांडले असते तर तुम्ही परत हो म्हणाला असता."

तिचं खोटं नव्हतं. तरी दोघींनी मिळून मला फसवलं हे मनातून जात नव्हतं, आजही पुरतं गेलेलं नाही. मी तसाच धुमसत बसलो. बायकोने ताट वाढता वाढता तिला विचारलं, "कसा झाला गं?"

तोपर्यंत मी ते विचारलंच नव्हतं. लेकीने चांगला झाला म्हणून सांगितलं, पण आईकडे बघून.