बाबांनी मोजलेली जेट्टी

मेलबर्नपासून दीड तासावर समुद्रात शिरलेली एक जुनी लाकडी जेट्टी आहे. मी ती कधी पाहिलेली नाही. पण पाण्यात उतरणाऱ्या तिच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत, खालच्या तीन शेवाळलेल्या आहेत आणि उतरताना उजवा कठडा धरायचा, कारण डावा हलतो, हे मला पाठ आहे.

हे सगळं माझ्या वडिलांनी मोजलं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं विदर्भातल्या कालव्यांवर आणि धरणांवर पाण्याची पातळी वाचून वहीत लिहिणं हे त्यांचं काम. सत्तरीला आल्यावर ते पहिल्यांदा परदेशी गेले, माझ्या धाकट्या भावाकडे मेलबर्नला, सहा महिन्यांसाठी. मी सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला राहते, एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. बाबांना अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपला होता, म्हणजे मी इथे राहू शकत होते, नोकरी करू शकत होते, पण बाहेर पडले तर नवा स्टॅम्प मिळेपर्यंत परत येऊ शकत नव्हते. पाच वर्षं मी नागपूरला गेले नव्हते. भावाचं लग्न मी फोनवर पाहिलं. ऐन त्रिशरण सुरू असताना नेट गेलं.

त्या वर्षी मेलबर्नच्याच अमेरिकन वकिलातीत स्टॅम्पिंगची तारीख मिळाली. मला वाटलं, सुटले. बाबा भेटतील, स्टॅम्प मिळेल आणि सी ड्रॅगनही दिसेल.

सी ड्रॅगन हा समुद्रघोड्याच्या नात्यातला मासा. जेमतेम हातभर लांब, अंगाला पानांसारखे तुकडे फुटलेले, त्यामुळे समुद्रगवतात थांबला की नाकासमोर असून दिसत नाही. फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याला सापडतो. अंडी नर सांभाळतो, शेपटीला चिकटवून. मी तो एकदा मत्स्यालयात काचेमागे पाहिला होता आणि तासभर तिथून हलले नव्हते. डायव्हिंग मी इकडेच शिकले, पुजेट साउंड खाडीच्या गार, हिरवट पाण्यात. माझी डायव्हिंगची जोडीदार एक रिटायर्ड स्कूलबस ड्रायव्हर आहे, साठीची, कमी बोलणारी. शनिवारी सकाळी आम्ही दोघी पाण्यात उतरतो.

सी ड्रॅगन त्या जेट्टीखालच्या गवतात राहतो. तिथून उतरायचं तर बोट लागत नाही, पण सगळं आधी ठरवावं लागतं. वारा कुठून आहे, भरती किती वाजता, हवेची टाकी पाठीवर घेऊन चालायचं अंतर किती, गळ टाकणारे लोक कुठे बसतात. मी बाबांना सहज म्हटलं, कधी तिकडे गेलात तर बघून सांगा. ते दर रविवारी भावाला गाडी काढायला लावू लागले. त्यांची रविवारची सकाळ म्हणजे माझी शनिवारची दुपार. मी डाइव्ह संपवून, ओल्या केसांनी गाडीत हीटर लावून बसलेली असायचे आणि फोन यायचा.

"जय भीम बेटा. लिहून घे. खांब एकतीस. गवत सातव्या खांबापासून दाट होते. मासे पकडणारे टोकाला बसतात, तिकडे जायचं नाही, दोऱ्यात पाय अडकन. आज वारा उत्तरेचा आहे, पाणी एकदम सपाट."

"आणि दक्षिणेचा असला की?"

"गढूळ. मागच्या रविवारी काहीच दिसत नव्हतं. तू उत्तरेच्या वाऱ्यालाच उतर."

धरणाचं पाणी दिवसाला बोटभर हलायचं, इथे सहा तासांत माणूसभर चढतं, याचं त्यांना फार अप्रूप होतं. जेट्टीच्या एका खांबावर त्यांनी खडूने खुणा केल्या होत्या. त्या लाटांनी पुसल्या जायच्या, ते परत करायचे.

जायला दीड महिना राहिला असताना, एका बुधवारी, कंपनीच्या वकिलाची मेल आली. नियम बदलला होता. स्टॅम्पिंग आता आपापल्या देशातच करायचं, मेलबर्नची तारीख रद्द. भारतातल्या तारखा कित्येक महिने पुढच्या होत्या आणि त्याही मागे ढकलल्या जात होत्या. शेवटची ओळ अशी होती की, सध्या देशाबाहेर जाऊ नका, परत कधी येता येईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. मी ती मेल लॅबमध्ये हातमोजे घालूनच वाचली. मग पेशी इनक्युबेटरमध्ये ठेवल्या, दुपारची मीटिंग केली, घरी येऊन तिकीट कॅन्सल केलं.

बाबांना मात्र सांगितलं नाही.

आज सांगू, उद्या सांगू, असं करत चार शनिवार गेले. ते सांगत राहिले, मी "हो, हो" करत राहिले. वाणसामान आणायचे, जेवण करायचे, लोकांशी हसून बोलायचे. पण लिफ्टचं दार बंद झालं की घाम फुटायचा. पाण्याखाली वीस मीटरवर मला कधी असं झालं नव्हतं. एका शनिवारी ड्रायसूटची, म्हणजे पाणी आत न शिरू देणाऱ्या पोशाखाची, रबरी कॉलर गळ्याला लागली आणि मी ती किनाऱ्यावरच ओढून काढली. जोडीदाराने टाकी उतरवायला मदत केली.

पाचव्या शनिवारी बाबा म्हणाले, "बेटा, तू वाऱ्याचं विचारणं सोडलं."

मी गाडीचा हीटर वाढवला.

"चार हप्ते झाले. आधी मी सांगायच्या आत विचारायची. काय झालं?"

मग मी सगळं सांगितलं. त्यांच्या मागे समुद्रपक्षी ओरडत होते. 

"म्हणजे तू तिथून निघूच शकत नाही?"

"निघू शकते बाबा. परत येऊ शकत नाही."

"मंग ये ना निघून."

त्यांनी ते इतकं साधेपणाने म्हटलं की मला राग आला. इथली चौदा वर्षं, ग्रीन कार्डची रांग, अर्धवट राहिलेला प्रयोग, हे सगळं मी मोठ्या आवाजात मोजून दाखवलं. "शिक, पुढे जा, मागे वळून पाहू नको, हे तुम्हीच सांगितलं ना?" असंही म्हणाले. तेव्हा ते हळूच म्हणाले, "हो, मीच सांगितलं," आणि फोन भावाच्या हातात दिला.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. मी दोन तास गाडीत बसून होते.

त्याच्या पुढच्या शनिवारी आला. व्हिडिओ सुरू झाला तर बाबा काळ्या रबरी सूटमध्ये, केस ओले, ओठ निळसर.

"पाण्यात उतरलो होतो," ते म्हणाले.

जेट्टीजवळच्या डाइव्ह शॉपमधल्या एका बाईंना त्यांनी गाठलं होतं. टाकी नाही, नुसता मास्क आणि नळी. त्या बाई एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला, आणि बाबा शेवटच्या पायरीखाली छातीभर पाण्यात, कठडा धरून, तोंड खाली घालून पाच मिनिटं.

"दिसला?"

"नाही. गवत दिसलं. खूप गवत. दिसला असता तर सांगितलं असतं."

"मग कशाला उतरलात बाबा? या वयात?"

"तू म्हणाली होती, पाण्याखाली पहिला श्वास घेताना भीती वाटते. वाटते का, ते पाहायचं होतं."

"मग?"

"वाटते," ते म्हणाले. "मी तर दोनदा डोकं वर काढलं. तू एकटी शिकली हे सगळं."

 भावाने त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि चहासाठी घेऊन गेला. तेवढ्यात जोडीदाराने काचेवर टकटक केलं. पाणी चांगलं होतं, आणखी एक डाइव्ह करू, असं ती खुणेनं सांगत होती. मी मान हलवून नाही म्हटलं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग दार उघडून शेजारच्या सीटवर येऊन बसली.

महिनाअखेरीस बाबांची मुदत संपली आणि ते नागपूरला परत निघाले. माझा इथे राहण्याचा परवाना पुढे वाढून आला, पण स्टॅम्पिंगची तारीख अजून नाही. ते निघाले त्या दिवशी मी ऑफिसात लॅपटॉपच्या कोपऱ्यात नकाशावर त्यांच्या विमानाचा ठिपका उघडून ठेवला होता. तो हिंदी महासागरावर असताना मीटिंग सुरू झाली, आणि मी नकाशाची खिडकी लहान करून कॅमेरा ऑन केला.