ज्याला येत नाही, तो कसा ओळखायचा?

मसुद्यातल्या एखाद्या ओळीवर पेन्सिलीचं मागचं टोक टेकवायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि शांतपणे विचारायचं, "आणि ज्याला हे येत नाही, तो कसा ओळखायचा?" एका कॉलेजच्या समितीत, दीड वर्षाच्या बैठकांत, एका जुन्या शिक्षकांच्या तोंडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की तो माझ्या अंगवळणी पडला. एकदा घरी बायको म्हणाली, "भात झालाय." मी विचारलं, "आणि झाला नसेल तर ते कसं ओळखायचं?" त्या दिवशी भात मी माझ्या हाताने वाढून घेतला.

जपानमध्ये, कावासाकीत, आमच्या कंपनीपासून तीन स्टेशनांवर दोन वर्षांचं एक छोटं तंत्रमहाविद्यालय आहे. आजूबाजूच्या वस्तीतली मुलं तिथे येतात. कुणी आधी कारखान्यात काम केलेली, कुणी घरच्या अडचणीमुळे विद्यापीठाची वाट सोडलेली. दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन ती नोकरीला लागतात. या कॉलेजने ठरवलं की आणखी दोन वर्षांचा अभ्यासक्रम जोडायचा आणि बॅचलरची पदवी द्यायची. त्यासाठी निकष लिहायचे होते. काय काय आलं म्हणजे पदवी, किती गुणांना उत्तीर्ण, शिकवायचं कोणी. टोक्योहून तपासणीची मंडळी येणार, त्यांना हे कागद पटले तर मान्यता. समितीत उद्योगक्षेत्रातलं कुणीतरी हवं होतं आणि त्या कॉलेजची मुलं आम्ही नोकरीला घेतो, म्हणून आमच्या साहेबांनी माझं नाव दिलं. मूळचा पुण्याचा, मत मागितलं की देतो, न मागितलं तरी देतो, एवढीच माझी पात्रता.

निकषांचा मसुदा लिहिण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे नुसतं सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजी. करड्या रंगाचं कामाचं जाकीट, खिशात दोन पेन्सिली, शरीर काडीसारखं. ते याच कॉलेजात दोन वर्षं शिकले आणि मग तिथेच अडतीस वर्षं विद्युत मोजमापाची प्रयोगशाळा चालवत राहिले. बोलणं अगदी हळू. पुढे सरकून बसावं तेव्हा ऐकू यायचं.

पहिल्याच बैठकीत मी मोठ्या आत्मविश्वासाने एक ओळ सुचवली, "विद्यार्थ्याला विद्युत मंडलांची सखोल जाण असेल." पेन्सिलीचं टोक टेकलं. चष्मा वर गेला. प्रश्न आला. मी काहीतरी सारवासारव केली, तेव्हा ते म्हणाले, "रानडे-सान, दहा मिनिटं आहेत का?" आणि सगळ्या समितीला प्रयोगशाळेत घेऊन गेले. माझ्या हातात मीटर दिला आणि एक पॅनेल दाखवून विचारलं, "यात वीज आहे का?" मी दोन ठिकाणी टोकं लावली, काटा हलला नाही, आणि मी सांगितलं, "नाही. बंद आहे."

"नारुहोदो," ते म्हणाले. म्हणजे असं होय. त्यांनी मीटर उलटा करून त्यामागचं झाकण उघडलं. आतला फ्यूजच काढून ठेवलेला होता.

"सखोल जाण रानडे-सानना नक्की आहे," ते समितीला म्हणाले, "फक्त त्यांनी पॅनेलला हात घालायच्या आधी मीटर पाहिला नाही." कुणी हसलं नाही, हीच त्या लोकांची कृपा. माझी ओळ खोडली गेली आणि तिथे लिहिलं गेलं, "वीज नाही असं सांगण्याआधी विद्यार्थी स्वतःचा मीटर तपासून घेतो." अशा एकेक वाक्याने ती पदवी उभी राहिली. मी जन्मभर शिकलो, परीक्षा दिल्या, पण शिक्षणाकडे इतक्या प्रामाणिकपणे बघणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

उत्तीर्ण व्हायला साठ गुण ठरले, तेव्हा मी आपल्याकडची पद्धत सुचवली. अठ्ठावन्न मिळाले तर दोन ग्रेस मार्क द्यावेत. सेन्सेईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला. त्यांना खरंच कुतूहल होतं. "त्या दोन गुणांचं जे त्याला येत नाही, ते काय असतं?"

"काहीही असू शकतं," मी म्हटलं.

"ब्रेकर न पाडता पॅनेल उघडू नये, हे असलं तर?"

मला राहवलं नाही आणि सांगून टाकलं की मी स्वतः इंजिनिअरिंगला एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सत्राचं गणित, ग्रेसवर सोडवलं आहे. तुमच्यापैकी जे त्या वाटेने गेले असतील त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. सेन्सेईंनी विचारलं, "नंतर शिकलात का ते?" मी म्हटलं, "नाही." पुढच्या बैठकीला माझ्या जागेवर गणिताचं एक पातळ पुस्तक होतं, आत तीन ठिकाणी कागदाच्या खुणा. "सवडीने," एवढंच म्हणाले.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी ट्रेनमध्ये उभ्याने गणितं सोडवली. वही त्यांना दिली. परत आली तेव्हा पानभर लाल बरोबरच्या खुणा. घरी मी ती मिरवत मिरवत मुलीला दाखवली. ती इथेच वाढलेली. तिने एक नजर टाकली आणि जपानीत म्हणाली, "बाबा, सगळी चुकली आहेत." इथे बरोबर उत्तराला गोल करतात आणि आपण जिला बरोबरची खूण म्हणतो ती चुकलेल्याला करतात, हे बारा वर्षं राहून मला माहीत नव्हतं. मी ती गणितं पुन्हा सोडवली, मग पुन्हा. चौथ्या खेपेला गोल मिळाले. ग्रेस मार्कांचा विषय मी परत काढला नाही.

प्राचार्य मात्र धास्तावले होते. "इतके कडक निकष ठेवले तर मुलं येतील का? शेवटी आपलं छोटं कॉलेज." सेन्सेई म्हणाले, "पदवी आपण मुलांना दोन्ही हातांनी वाकून देणार. ती विद्यापीठाच्या पदवीपेक्षा हलकी आहे हे आपल्याला माहीत असलं, तर देताना मुलांच्या तोंडाकडे बघता येणार नाही." प्राचार्यांनी निकष तसेच ठेवले.

आणि मग शेवटचं कलम आलं. इथे कुठलीही अवघड गोष्ट बैठकीत पहिल्यांदा बोलत नाहीत. आधी एकेकाला गाठून, चहा पाजून, कानावर घालून ठेवतात. सेन्सेई तर यात फार काटेकोर. पण हे कलम त्यांनी कुणालाही न सांगता आणलं. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, "तिसऱ्या व चौथ्या वर्षाला शिकवणाऱ्याकडे किमान पदव्युत्तर पदवी असावी."

खोलीत सात माणसं होती आणि सातही जणांना माहीत होतं की सेन्सेईंकडे फक्त दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. ज्या वर्गांसाठी त्यांनी एकेक वाक्य घासून लिहिलं, त्या वर्गांत त्यांनाच शिकवता येणार नव्हतं. आधी का सांगितलं नाही ते तेव्हा कळलं. प्रत्येकाने त्यांना थांबवलं असतं.

मीच बोललो. "अनुभवी शिक्षकांना सूट असं एक वाक्य घालू. तीस वर्षांहून जास्त अनुभव असला तर पदवीची अट नको." प्राचार्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि जोरात मान हलवली.

सेन्सेईंनी मला वाकून नमस्कार केला. "रानडे-सान, आभारी आहे. पण हे वाक्य या इमारतीत फक्त एका माणसाला लागू पडतं. एका माणसासाठी लिहिलेल्या वाक्याला निकष म्हणता येणार नाही." कलम होतं तसं मंजूर झालं.

बाहेर व्हेंडिंग मशीनपाशी मी त्यांना गाठलं. मला रागच आला होता. "तुम्हाला हे वर्ग शिकवायचे नाहीत का?"

कॉफीचा गरम डबा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "खूप शिकवायचे आहेत," ते म्हणाले.

"मग?"

"या मुलांना उद्या कुणीतरी विचारेल, पदवी घेतलीत, पण शिकवलं कोणी? तेव्हा त्यांना माझ्याबद्दल खुलासा करत बसावं लागू नये."

त्यांच्या बाबतीत तो नियम चुकीचा होता असं मला आजही वाटतं. एखादी अट अशा माणसाला बाहेर ठेवते म्हणजे अटीतच खोट आहे, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. पण त्यांच्याशी भांडायची माझी छाती झाली नाही. स्वतःला कापणारी रेघ इतक्या सरळ हाताने ओढताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

मान्यता मिळाली. मार्चअखेर वयाप्रमाणे सेन्सेई निवृत्त झाले; ते कलम नसतं तर नव्या वर्गांसाठी कॉलेजने त्यांना ठेवून घेतलं असतं. एप्रिलमध्ये पदवीचा पहिला वर्ग सुरू झाला, तेव्हा समितीतल्यांना बोलावणं होतं. मी वेळेआधी पोचलो तर ते प्रयोगशाळेत होते. एकेका टेबलावरच्या तारा गुंडाळून, खुर्च्या ओळीत लावून झाल्या होत्या. मुलं येऊन बसली. मग नवे शिक्षक आले. डॉक्टरेट झालेला तरुण माणूस, कधीकाळी इथेच सेन्सेईंच्या हाताखाली शिकलेला. तो दारातच थबकला. "सेन्सेई, आत बसा ना."

"बसलो तर मी बोलेन," सेन्सेई म्हणाले. त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला, जसा नव्या सरांना करतात तसा, आणि बाहेर आले. मीही त्यांच्या मागोमाग आलो. त्यांनी दार सावकाश ओढून घेतलं.

प्रयोगशाळेत बाहेरचे बूट चालत नाहीत, त्यामुळे व्हरांड्यात बुटांचं कपाट आहे. त्यांनी आतल्या चपला काढल्या, एकमेकींवर हलकेच आपटून झटकल्या आणि कापडी पिशवीत घातल्या. कप्प्यावरची आपल्या नावाची चिठ्ठी सोलून काढली. मग बाकावर बसून एका बुटाची नाडी बांधली. तेवढ्यात आत हजेरी सुरू झाली आणि त्यांचे हात थांबले. एकेक नाव येत होतं, एकेक मूल "हाय", म्हणजे "हो", म्हणून ओ देत होतं. मला बोलायचं होतं, पण ते ऐकत होते. शेवटच्या मुलीने ओ दिली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि ते जिना उतरून गेले.