वाऱ्याने मागे नेलेली शीळ

आमच्या हिला कामावर सगळे ‘कानवाल्या बाई’ म्हणतात. गाड्यांवर वारा सोडून पाहायचा एक भलामोठा बोगदा आहे, तिथे ती आवाज शोधते. वाऱ्याच्या झोताबाहेर, बाजूच्या भिंतीवर तिचे शंभरेक माइक. गाडी जिथे आवाज करते तिथे हिच्या पडद्यावर लाल डाग उमटतो. घरी मात्र मी तीन हाका मारल्या तरी ऐकू येत नाही.

नव्या गाडीची शीळ काही जाईना. डाग पडला दाराच्या रबरावर. साहेब म्हणाले, रबर बाद, आणि रबरवाल्या काकांनाही आता घरी बसवा. काका मान खाली घालून उभे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मीही तिथेच कामाला, दाराच्या पुढचा आरसा मी बनवलेला, आणि डाग त्यावर पडला नव्हता. दोन वर्षं घासली होती त्यावर.

ही म्हणाली, “थांबा. वाऱ्यातून येताना आवाज मागे वाहत जातो, झोताबाहेर पडताना वळतो. ती दुरुस्ती न करताच तुम्ही डाग वाचताय. चोर सोडून संन्याशाला सुळी.”

“मागच्या गाडीला कुठे केली होती?” साहेब म्हणाले.

“तेव्हा वारा कमी होता, म्हणून खपलं.”

एकदा हट्टाला पेटली की ही ऐकते कुणाचं? तिने एक चिमुकला स्पीकर माझ्याच आरशाला चिकटवला. वारा बंद असताना डाग आरशावर. वारा सोडला, तर तोच डाग सरकत रबरावर जाऊन बसला. तिने वाऱ्याचा वेग हिशोबात घेतला, डाग परत आरशावर. मग स्पीकर काढून गाडीची शीळ त्याच हिशोबाने पाहिली. डाग आरशावरच.

“आपलेच दात, आपलेच ओठ,” मी पुटपुटलो. “आधी मला सांगायचं तरी.”

“गप्प बस म्हणाला असतास.”

म्हणालो असतो.

तरीही साहेबांना पटेना. माझ्याकडे वळून म्हणाले, “आरसा तुमचा. तुम्ही नाही म्हणालात तर रबरच बदलू.”

ही माझ्याकडे बघेसुद्धा ना. एक माइक घट्ट करत बसली होती. काका मात्र बघत होते. अस्सा राग आला मला, हिचा, साहेबांचा, त्या आरशाचा. पण हिचा हिशोब चुकत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पान्हा घेतला, आरसा उतरवला, भोकांवर चिकटपट्टी लावली.

“सोडा वारा,” म्हटलं.

शीळ नव्हती. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते दोन वर्षांचं. ही जवळ येऊन हळूच म्हणाली, “आजच्यापुरतं पुरे तुझं. दे तो पान्हा इकडे.”