आडी महिन्यातलं अपग्रेड

२८ जुलै. पापनाशमच्या एका बियाणे कंपनीत ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करायला गेले होते, आणि मालक सेल्वम सार मला संगणकाला हात लावू देत नव्हते.

"अम्मा, आडी महिना चालू आहे, नव्या कामाला अशुभ. आम्ही नवी पातेलीसुद्धा घरात आणत नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. महिन्याभराने या, असंही सुचवलं.

थांबणं शक्य नव्हतं. त्या सिस्टिमला सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालं होतं. मागच्याच आठवड्यात व्हायरसने शेजारचा बिलिंगचा पीसी लॉक केला होता. बियाण्याच्या उगवण चाचणीची पेटी याच संगणकावर चालते: तापमान, नोंदी, शेवटी पिशव्यांची लेबलं. चाचणी बिघडली तर सांबा हंगामाच्या भाताचं बियाणं पेरणीआधी बाजारात जाणार नाही.

सारांची भीती अगदीच खोटी नव्हती. आदल्या दिवशी आमच्या ऑफिसात त्यांच्या डिस्कच्या कॉपीवर अपग्रेड करून पाहिलं, तर उगवणीचा प्रोग्राम उघडेचना. तो त्यांच्या भाच्याने लिहिलेला. भाचा सिंगापूरला, आणि प्रोग्राम बदलायला लागणारा सोर्स कोड कुणाकडेच नाही.

प्रोग्राम बरीच कामं सिस्टिममधल्या तयार भागांकडून करून घेतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. नव्या सिस्टिमच्या लायब्रऱ्या या जुन्या प्रोग्रामला चालत नव्हत्या. म्हणून मी जुन्या लायब्रऱ्यांचं कंपॅटिबिलिटी पॅकेज बनवलं. त्या वेगळ्या फोल्डरात राहतात आणि फक्त हाच प्रोग्राम त्या वापरतो. कॉपीवर तो चालला.

हे सगळं सारांना सांगितलं.

"म्हणजे प्रोग्राम जुनाच?"

"जुनाच. घर नवं, भाडेकरू तेच."

"घर नवं म्हणता, तीच तर अडचण आहे."

ते आत जाऊन बायकोला विचारून आले. "ती म्हणते, आडीत गृहप्रवेश नको. पण छप्पर गळत असलं तर दुरुस्त करतातच."

मी लगेच दुरुस्तीला बसले. तोवर पेटीचं तापमान कामगारांनी हाताने सांभाळलं. सिस्टिम चढली, पॅकेज बसवलं, प्रोग्राम उघडला. जुन्या नोंदी जागेवर होत्या. लेबल नीट छापलं. सारांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदा कॉफी मागवली. मीही पाठ टेकली.

नव्याला नाही म्हणणारा क्लायंट बहुतेकदा जुनं बंद पडेल म्हणून घाबरलेला असतो. ते चालू ठेवून दाखवावं. मात्र जुन्या लायब्रऱ्यांमधली सुरक्षेची भोकं कुणी बुजवत नाही, त्यांच्यावर कायमचं विसंबता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पॅकेज आमच्या बाकीच्या क्लायंटांसाठीही खुलं केलं, आणि त्यावर एका वर्षाची मुदत घातली.